विलायतेतले अडीच गुंठे

ब्रिटनमध्ये गावाच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत किंवा चर्चच्या दफनभूमीमागे लहान लहान तुकड्यांत वाटलेली भाजीपाल्याची जमीन हमखास दिसते. तिला अलॉटमेंट म्हणतात. नगरपालिका किंवा ग्रामपरिषद ती वर्षाच्या भाड्याने देते. भाडेकरूने तिथे राहायचे नसते, धंदा मांडायचा नसतो. पिकवायचे आणि घरी न्यायचे. मराठीत ‘प्लॉट मिळाला’ म्हटले की डोळ्यांपुढे सातबारा, एनए आणि कंपाउंडची भिंत येते. इथला प्लॉट म्हणजे निव्वळ माती, कोपऱ्यात एक लाकडी खोपटी आणि चार-सहा जणांत मिळून एक पाण्याची टाकी.

पूर्ण प्लॉटचे जुने माप दहा रॉडचे असते आणि करारपत्रात ते आजही तसेच लिहिलेले आढळते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. दहा चौरस रॉड म्हणजे २,७२२.५ चौरस फूट, साधारण २५३ चौरस मीटर. हे माप मराठी माणसाला परके वाटायचे कारण नाही. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजेच नेमका चार चौरस रॉडचा. दहा रॉडचा प्लॉट बरोबर अडीच गुंठे भरतो, इंचाचाही फरक न पडता. यात योगायोग काही नाही. एकराचे १६० रॉड आणि त्याच एकराचे ४० गुंठे, दोन्ही मापे एकाच इंग्रजी एकराच्या पोटातली आहेत. हल्ली मागणी इतकी आहे की बऱ्याच ठिकाणी अर्धाच प्लॉट देतात, म्हणजे सव्वा गुंठा. आणि पहिल्या खेपेला तोच घेणे शहाणपणाचे.

ही पद्धत भूमिहीनांच्या गरजेतून आली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावांच्या सामाईक जमिनी कुंपणे घालून खासगी झाल्या आणि मजुराला चार बटाटे लावायलाही जागा उरली नाही. १८४५च्या कायद्याने अशा जमिनींतला काही भाग गरिबांच्या भाजीपाल्यासाठी राखायची तरतूद केली. १९०८च्या कायद्याने मागणी असेल तिथे जमीन उपलब्ध करून देणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. दुसऱ्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ या सरकारी मोहिमेच्या काळात प्लॉटांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली. लंडन टॉवरच्या कोरड्या खंदकातही भाज्या लावल्या होत्या. युद्धानंतर अन्न स्वस्त झाले, जमिनी बांधकामाला गेल्या आणि आज तीन लाखांच्या आसपास प्लॉट उरले आहेत. मोठ्या शहरांत त्यासाठी वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागते.

नव्याने आलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा पडीक तुकडाच येतो. कुणी म्हातारपणामुळे सोडतो, कुणी गाव बदलतो, कुणाचा उत्साह पहिल्याच जुलैत मावळतो. मग नोटिसा जातात, मुदती संपतात आणि यादीतल्या पुढच्या नावाला पत्र पोहोचेपर्यंत एक-दोन हंगाम उलटलेले असतात. तेवढ्यात कमरेएवढे गवत आणि डोक्याएवढ्या काटेरी जाळ्या उभ्या राहतात. वरून करारात अट असते, की ठरावीक महिन्यांत ठरावीक भाग लागवडीखाली दिसला पाहिजे. लंडनच्या आसपासची मराठी कुटुंबे, लेस्टरमधली गुजराती कुटुंबे, पूर्व लंडनमधले बांगलादेशी, अशा अनेकांनी असेच रान ताब्यात घेऊन तिथे मेथी-कोथिंबीर उभी केली आहे. त्यांना मातीचे काम नवे नव्हते. ज्याच्या आजोळी शेती होती त्याच्या हाताला खुरपे सहज सापडते. चुकते ते पंचांग. कशानंतर काय आणि कधी, ही जी उजळणी लहानपणापासून अंगात मुरलेली असते, ती ५२ अंश उत्तरेला जवळजवळ सगळी पुसून पुन्हा लिहावी लागते.

पडीक प्लॉट ताब्यात आला की लगेच कुदळ चालवू नये. आधी एक फेरी मारून पाहावे, कारण गवताखाली जुन्या माणसाची कमाई दडलेली असते. ऱ्हुबार्बचे गड्डे, काळ्या करंटची आणि गूजबेरीची झुडपे, रास्पबेरीची रांग, कधी एखादे सफरचंदाचे झाड. ही बहुवर्षायू पिके आहेत. नव्याने लावली तर दोन-तीन वर्षे हाती काही लागत नाही, पण जुनी थोडी मोकळी केली, छाटली, बुंध्याशी खत घातले की पुढच्याच उन्हाळ्यात फळतात. ऱ्हुबार्बचे लालसर देठ साखर घालून शिजवून खातात. त्याची पाने मात्र ऑक्झॅलिक आम्लामुळे विषारी असतात. अळूवडीसारखे काही करून पाहायचा मोह होण्याइतकी ती पाने मोठी आणि देखणी असतात, म्हणून हे आवर्जून सांगायचे. गवतात फुटक्या काचा, गंजकी तार, सडलेले गालिचे आणि जुन्या खोपटीचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे सापडतात. पत्रे स्वतः फोडू नयेत, पालिकेला कळवावे. काटेरी जाळ्यांत वसंतात पक्ष्यांची घरटी असतात आणि वापरात असलेले घरटे मोडणे १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे मोठी तोड ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच उरकायची. प्लॉट मिळण्याचा सर्वांत सोयीचा महिनाही ऑक्टोबरच. मे महिन्यात मिळाला तर तण पुढे धावते आणि माणूस मागे.

तणांची ओळख पटली की निम्मे काम झाले, आणि इथे महाराष्ट्रातला अनुभव भरपूर कामी येतो. काउच ग्रास ही हराळीची विलायती बहीण समजावी. जमिनीखाली बोटभर ते वीतभर खोलीवर पांढऱ्या, टोकदार, कांड्याकांड्यांच्या मुळ्या आडव्या धावतात आणि प्रत्येक कांडे नवे रोप होऊ शकते. बाइंडवीड ही वेल. तिची शेतातली जात महाराष्ट्राच्या रानांतही आढळते आणि चांदवेल या नावाने ओळखली जाते. फुले नाजूक, पांढरी-गुलाबी, पण मुळे काही मीटर खोल जातात आणि पांढऱ्या मुळीचा दोन-चार सेंटिमीटरचा तुकडाही पुन्हा फुटतो. ब्रॅम्बल, म्हणजे रानटी ब्लॅकबेरी, दिसायला सर्वांत भयंकर आणि काढायला तुलनेने सोपी: वरून कापायची आणि गड्डा खणून काढायचा. डॉकचे मूळ मुळ्यासारखे सरळ खाली जाते. या सगळ्यांत चिवट हॉर्सटेल. कोळसा तयार झाला त्या युगातल्या प्रचंड वनस्पतींच्या कुळातले हे रोप. भूमिगत खोडे दोन मीटरपर्यंत खोल जातात, अंगात सिलिका असल्यामुळे तणनाशकही नीट धरत नाही. ते संपत नाही. वर आलेले सतत खुडून त्याला अशक्त ठेवायचे, इतकेच हातात असते. जपानी नॉटवीड दिसले तर हात न लावता प्लॉटधारकांच्या समितीला सांगावे. ते पसरू देणे कायद्याच्या कचाट्यात सापडणे आहे.

काही पाहुणे मात्र ताटात घेण्याजोगे असतात. खणलेल्या जागी पहिल्याच वसंतात फॅट हेन नावाचे तण दाट उगवते. इंग्रज माणूस ते उपटून फेकतो. शास्त्रीय नाव पाहिले तर ते चिनोपोडियम आल्बम निघते, म्हणजे आपला चाकवत. ताक आणि डाळीचे पीठ लावून केलेली पातळ भाजी फुकट मिळते, फक्त रोप नीट ओळखता आले पाहिजे. खाजणारी नेटल जिथे जोमाने वाढते तिथे जमीन कसदार असल्याचे समजावे. तिचे कोवळे शेंडे शिजवले की खाज जाते.

साफ करायच्या दोन वाटा आहेत. एक खणण्याची. यासाठी सपाट पात्याच्या फावड्यापेक्षा चार दात्यांचा फोर्क चांगला, कारण पात्याने मुळ्या तुटतात आणि दात्यांनी त्या अखंड वर निघतात. वीत-दीड वीत खोल उकरायचे, ढेकूळ झटकायचे, प्रत्येक पांढरा दोरा हाताने वेचायचा. काम कंटाळवाणे असते. हिवाळ्याच्या एका दुपारी खाटेएवढा वाफा झाला तरी पुष्कळ. घाई करणारे भाड्याने रोटाव्हेटर आणतात आणि तासाभरात सगळा प्लॉट भुसभुशीत करून सोडतात. दोन आठवडे तो सुंदर दिसतो. मग यंत्राने केलेल्या हजारो तुकड्यांतून हजारो काउच ग्रास उगवतात. ज्याने हराळीच्या रानात रोटाव्हेटर फिरवलेला पाहिला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी वाट झाकण्याची. गवत कापून जमिनीवर जाड पुठ्ठे अंथरायचे, त्यावर कंपोस्टचा दाट थर द्यायचा आणि सरळ त्यात लावणी करायची. किंवा काळे प्लास्टिक अंथरून उजेड बंद करायचा. सॉमरसेटमधले बागायतदार चार्ल्स डाउडिंग यांनी या ‘न खणता’ शेतीचा इंग्लंडमध्ये मोठा प्रसार केला आहे. वर्षायू तणे एका हंगामात मरतात, काउच ग्रासला साधारण वर्ष लागते, बाइंडवीडला दोन वर्षेही पुरत नाहीत. व्यवहारात दोन्हींची सांगड घालतात. एक चतुर्थांश भाग खणून पिकाखाली आणायचा आणि उरलेले तीन भाग झाकून ठेवायचे. तपासणीला येणाऱ्या समितीलाही झाकलेली जमीन कामाखालची दिसते. प्लास्टिकला भोके पाडून त्यांत भोपळ्याची रोपे लावली तर ती जमीन पहिल्या वर्षीही रिकामी राहत नाही. जुने गालिचे मात्र अंथरू नयेत. त्यांतले रंग आणि कृत्रिम धागे मातीत उतरतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यांना बंदी आहे. काढलेल्या मुळ्या कंपोस्टच्या ढिगात टाकल्या तर पुढच्या वर्षी खताबरोबर परत येतात. त्या बादलीत पाण्याखाली महिना-दीड महिना कुजवायच्या आणि मगच ढिगात टाकायच्या.

माती कोणती आहे हे ओली मूठ वळून कळते. लंडन आणि मिडलँड्सच्या बऱ्याच भागांत चिकणमाती असते, सरेच्या काही भागांत रेताड, दक्षिणेच्या टेकड्यांवर चुनखडीची. चिकणमातीचा स्वभाव काळ्या जमिनीची आठवण करून देतो: ओली असताना पायाला चिकटते, वाळली की विटेसारखी होते. तिला हात लावायची नेमकी वेळ सांगायला मराठीत ‘वाफसा’ हा एकच शब्द पुरतो, तिथे इंग्रजी पुस्तकांना पूर्ण वाक्य खर्चावे लागते. वाफसा आल्याशिवाय पाय टाकायचा नाही, हा नियम दोन्हीकडे सारखा. फरक मशागतीच्या हंगामात आहे. महाराष्ट्रात नांगरट करून जमीन उन्हाळ्यात तापू देतात, ढेकळे उन्हाने फुटतात. ब्रिटनमध्ये तेच काम थंडी करते. नोव्हेंबरात उलथून ठेवलेल्या ढेकळांतले पाणी रात्री गोठते, फुगते, दिवसा वितळते, आणि फेब्रुवारीपर्यंत ढेकूळ हाताने चुरता येते.

आणखी एक उलटी गोष्ट म्हणजे चुना. कोकणातली जांभी जमीन सोडली तर महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांची तक्रार जमीन चोपण असल्याची, चुनखडी जास्त असल्याची असते. इथे बारमाही पावसाने चुना धुपून जातो आणि पडीक जमीन बहुधा आम्लधर्मी झालेली असते. बागेच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या संचाने पीएच तपासावा. तो सहाच्या खाली असेल तर शरद ऋतूत चुना पसरावा, विशेषतः जिथे कोबीवर्गीय पिके घ्यायची आहेत तिथे. आम्ल मातीत त्यांच्या मुळांवर क्लबरूट नावाचा रोग येतो, मुळे गाठाळून सुजतात. त्याचे बीजाणू मातीत वीस-वीस वर्षे टिकतात. म्हणून शेजाऱ्याने प्रेमाने दिलेले कोबीचे रोपही मूळ पाहून घ्यावे.

शेणखत सहज मिळत नाही. मिळते ती घोड्यांच्या तबेल्यातली लीद, तीही बरेचदा फुकट. ती वर्षभर कुजलेली असावी आणि वापरण्याआधी तपासलेली असावी. कुरणातले रुंद पानांचे तण मारायला अमिनोपायरॅलिड हे तणनाशक वापरतात. गवत खाल्लेल्या घोड्याच्या लिदीतून ते टिकून बाहेर पडते. २००८च्या सुमारास ब्रिटनमध्ये अनेक प्लॉटांवरचे टोमॅटो, वाटाणे आणि बटाटे त्याने वाकडेतिकडे झाले. तपासायची रीत सोपी आहे. दोन कुंड्या घ्यायच्या, एकीत लीद मिसळायची, दोन्हींत वाल किंवा वाटाणा पेरायचा. लिदीतल्या रोपाची पाने द्रोणासारखी मुडपली तर ते खत दारात घ्यायचे नाही. पालापाचोळा मात्र निर्धोक. जाळीच्या पिंपात ओला करून ठेवला की दोन वर्षांत त्याची काळी, हलकी माती होते. थंडीमुळे कुजण्याची गती मंद. नाशिककडे तीन-चार महिन्यांत तयार होणारे कंपोस्ट इथे वर्ष घेते.

आता पंचांग. पाऊस हा इथे पेरणीचा मुहूर्त नसतो. लंडनचा वर्षाचा पाऊस सुमारे ६०० मिलीमीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. पण तो बारा महिन्यांत वाटून पडतो आणि ऊन कमी असल्याने जमीन ओली राहते. पेरणी ठरते ती थंडीवर आणि उजेडावर. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला पारा चार-पाच अंशांवर आला की धडकी भरते. इथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत कोणत्याही रात्री पारा शून्याखाली जाऊन दव गोठू शकते. स्कॉटलंडमध्ये जूनच्या सुरुवातीपर्यंत. एप्रिलमध्ये आठवडाभर लख्ख ऊन पडते, दुकानांत टोमॅटोची रोपे येतात आणि नवखा माणूस फसतो. एका स्वच्छ, चांदण्या रात्रीत ती रोपे काळी पडतात. म्हणून मिरची, टोमॅटो, भोपळा यांची रोपे घरातल्या खिडकीत वाढवायची, मेमध्ये दिवसा बाहेर आणि रात्री आत असे आठ-दहा दिवस करून कणखर करायची आणि महिनाअखेरीला जमिनीत लावायची. बटाट्याला एवढे लाड लागत नाहीत. तो गुड फ्रायडेला लावायचा जुना प्रघात आहे, जरी तो सण स्वतःच महिनाभर इकडेतिकडे सरकत असला तरी.

उजेडाची गोष्ट जास्त फसवी आहे, कारण ती अंगाला जाणवत नाही. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. लंडनमध्ये जूनमधला दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरातला आठ तासांहूनही लहान. फुलायचे कधी, कांदा धरायचा कधी, हे अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. महाराष्ट्रात निवडत आणलेल्या वाणांचे हे घड्याळ अकरा-तेरा तासांत बसवलेले असते.

नाशिकचा कांदा हे याचे चांगले उदाहरण. तो साधारण अकरा-बारा तासांच्या दिवसात गड्डा धरू लागतो. ब्रिटनमध्ये मार्चमध्ये पेरला तर एप्रिल उजाडेपर्यंत दिवस तेरा तासांचा होतो, रोप अजून दोन-तीन पानांवर असते आणि ते तशातच गड्डा धरून बसते. हाती येते लिंबाएवढे काहीतरी. इथे चौदा-सोळा तासांच्या दिवसाला जागणारे वाणच लावावे लागतात. लसूण मात्र दोन्हीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच लावतात. त्याला थंडी हवीच असते. फक्त महाराष्ट्रात तो मार्चच्या सुमारास निघतो आणि इथे जुलै उजाडतो.

वाल-पावट्याची तऱ्हा याच्या उलट. देशी वाल लहान दिवसाची वाट पाहतो. मे अखेरीला लावलेला वेल जून, जुलै, ऑगस्ट असा मांडवभर फोफावतो, शेजारी थांबून कौतुक करतात, आणि फुलाचा पत्ता नसतो. दिवस आखडल्यावर सप्टेंबरअखेरीला तुरे येतात आणि शेंगा भरण्याआधीच थंडी येते. त्याऐवजी ब्रॉड बीन लावावा. तो नोव्हेंबरात पेरला तरी थंडी सोसतो, जूनमध्ये शेंगा देतो आणि दाण्यांची साले काढून बिरड्यासारखी उसळ होते, जरी तो कडसरपणा वालाचा नसला तरी. रनर बीन मेच्या मध्यानंतर पेरायचा. मांडवावर जुलै ते ऑक्टोबर इतके पीक येते की वाटून संपत नाही.

पालेभाज्यांचा गोंधळ फुलावर येण्याचा. कोथिंबीर, पालक, मुळा, मोहरी यांना मोठा दिवस दिसला की त्या पाने सोडून दांडा काढतात. मेमध्ये पेरलेली कोथिंबीर चार बोटे वाढते न वाढते तोच तुऱ्यावर जाते आणि बी खराब असल्याचा आळ किराणा दुकानावर येतो. तिची खरी वेळ मार्च-एप्रिल आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबर. मुळा जुलै सरल्यावर पेरावा. मेथी त्यातल्या त्यात समजूतदार. एप्रिल ते ऑगस्ट दर पंधरवड्याला एक वाफा टाकला आणि महिनाभरात उपटली तर ताटात खंड पडत नाही. लाल माठाला ऊब हवी, पण जून-जुलैत तो उघड्यावर येतो. धने आणि मेथीदाणे वाण्याकडचेच पेरले तरी उगवतात, धने मात्र चुरडून दोन भाग करावेत. भारतातून बियाणे बॅगेत टाकून आणायची सवय सोडून द्यावी: वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय ते आणण्यास मनाई आहे.

दुधी, कारले, दोडका ही प्लास्टिकच्या बोगद्यातली किंवा काचघरातली पिके. एप्रिलमध्ये खिडकीत रोप, जूनमध्ये आत लावणी, ऑगस्टपासून फळ. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि त्या वेळी काचघरात कीटक फिरकत नाहीत. नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलाला हाताने लावावे लागतात. जूनच्या रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे निदान कंदील घेऊन जावे लागत नाही. कढीपत्ता आणि अळू कुंडीतच बरे, ऑक्टोबरात घरात आणता येतात. कॉव्हेंट्रीजवळच्या रायटन इथल्या गार्डन ऑरगॅनिक या संस्थेने ‘सोइंग न्यू सीड्स’ या उपक्रमातून स्थलांतरितांच्या अशा पिकांची माहिती जमवली. पूर्व लंडनमधल्या स्पिटलफील्ड्स सिटी फार्मवर बांगलादेशी महिलांचा ‘कोरिअँडर क्लब’ याच भाज्या शहराच्या मध्यावर पिकवत आला आहे.

शत्रूंमध्ये पहिला मान गोगलगायीचा. शंख असलेली स्नेल आणि नसलेली स्लग, दोन्ही रात्रीत वाफा साफ करतात. २०२२च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडच्या शेतकऱ्यांनी सोयाबीनवर शंखी गोगलगायींचा हल्ला पाहिला आणि मेटाल्डिहाईडच्या गोळ्या टाकल्या. त्याच वर्षी १ एप्रिलपासून ग्रेट ब्रिटनमध्ये उघड्यावर मेटाल्डिहाईड वापरायला बंदी आली, कारण त्याने पक्षी आणि साळिंदरासारखे काटे असलेले छोटे हेजहॉग मरत होते. आता फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या, मातीत सोडायचे सूत्रकृमी, किंवा अंधारात बॅटरी आणि बादली घेऊन फिरणे, हे पर्याय आहेत. पडीक प्लॉटला पहिल्या वर्षी हा त्रास दुप्पट होतो, कारण आजूबाजूचे गवत आणि पुठ्ठे हीच त्यांची धर्मशाळा असते. कबुतरांसाठी कोबीवर्गावर जाळी पाहिजेच. गाजराच्या माशीसाठी विणलेले पातळ कापड पांघरतात.

बटाटा-टोमॅटोवरचा करपा जुलैपासून येतो. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडणारा रोग हाच. सलग दोन दिवस किमान तापमान दहा अंशांवर आणि प्रत्येक दिवशी निदान सहा तास आर्द्रता नव्वद टक्क्यांवर राहिली की धोक्याचा इशारा देतात. स्कॉटलंडमधल्या जेम्स हटन संस्थेच्या नावाने हे निकष ओळखले जातात. लवकर निघणारे बटाट्याचे वाण लावले तर करपा येण्याआधी पीक घरात असते. सप्टेंबरपर्यंत थांबणाऱ्याने पाने काळी पडताच वरचा पाला कापून टाकावा आणि बटाटे दोन-तीन आठवड्यांनी काढावेत. पडीक रानात पहिल्या वर्षी बटाटा लावला की जमीन स्वच्छ होते असे इंग्रज शेजारी सांगतात. स्वच्छ करतो तो बटाटा नव्हे. लावताना, भर देताना आणि काढताना तीनदा जमीन उकरावी लागते, त्याने तण हटते.

पीक निघालेली जमीन हिवाळ्यात उघडी ठेवली तर तण परत येते आणि पावसात कस धुपतो. महाराष्ट्रात ताग-धैंचा गाडतात तसे इथे सप्टेंबरात राय किंवा फॅसेलिया पेरतात आणि वसंतात गाडतात. मोहरीही चालते, पण क्लबरूट असलेल्या जमिनीत नाही, कारण तीही त्याच कुळातली. दुसऱ्या वर्षी झाकलेल्या भागातला आणखी एक चतुर्थांश उघडायचा, तिसऱ्या वर्षी उरलेला. कडेच्या पट्ट्यातून शेजारच्या पडीक प्लॉटमधली हराळी आत येत राहते. फावड्याने दर महिन्याला कड कापली तर ती थोपते.

उन्हाळ्यात माल एकदम येतो. १९२२च्या कायद्याची व्याख्याच अशी आहे की अलॉटमेंट ही मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी पिकवायची जमीन. बाजार मांडायला ती नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये वेशीपाशी एक टेबल दिसते, त्यावर कुणीतरी ठेवलेल्या हातभर काकड्या आणि हवे त्याने न्यावे असे लिहिलेली पाटी. लंडनजवळच्या एखाद्या साइटवर त्याच टेबलावर मेथीची जुडीही असते, आणि ती काकड्यांच्या आधी संपते.